टर्बो इंजिनातील हवेचा हिशेब



मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण सहज बोलून जातो. परंतु वजनाने पाहू गेल्यास इंजिनाचा मुख्य आहार पेट्रोल नसून हवा हा आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळावयास सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडले की इंजिनाची प्रकृती बिघडली. हवा फुकट मिळते म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि ती डोळ्यांस दिसत नाही म्हणून ती कोठून निसटली किंवा कोठून चोरपावलांनी आत शिरली, हेही चटकन उमगत नाही. टर्बो बसविलेल्या इंजिनात तर हा प्रश्न दुहेरी होतो. आज अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात अशा मोटारी उभ्या आहेत. त्यांपैकी एखादी चढावर दम टाकू लागली, की ‘टर्बो गेला’ असे निदान पुष्कळदा ऐकावयास मिळते, आणि त्यापाठोपाठ मोठ्या रकमेचे अंदाजपत्रक हाती पडते. वास्तविक कित्येक प्रसंगी टर्बो धडधाकट असतो. दोष असतो तो एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत किंवा सैल पडलेल्या क्लिपेत. हा दोष कसा हुडकावा आणि त्यामागील विचारसरणी कोणती, हे आज सांगावयाचे आहे. त्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरते.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला आणि वेगवान असतो, व साध्या इंजिनात त्याची ही शक्ती वाया जाते. टर्बोमध्ये एका आखूड दांड्याच्या दोन टोकांस पात्यांची दोन चाके असतात. एक चाक धुराच्या झोताने फिरते, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची ताजी हवा ओढून ती इंजिनात दाबून भरते. हे फेरे मिनिटाला लाखाच्याही वर जातात. ह्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. १९१८ साली सॅनफर्ड मॉस ह्या अमेरिकन अभियंत्याने पाइक्स पीक ह्या १४,१०९ फूट उंचीच्या पर्वतावर विमानाचे एक लिबर्टी इंजिन नेऊन प्रयोग केला. समुद्रसपाटीस सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन त्या विरळ हवेत २३० अश्वशक्तीवर उतरले. टर्बो जोडताच ते ३५६ पर्यंत चढले. इंजिन तेच, इंधन तेच. फरक पडला तो हवेच्या भरतीचा. ग्राहकांस विकावयाच्या मोटारींत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेतील ओल्डस्मोबाइल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर मोंझा ह्या गाड्यांतून.

आता दाबाविषयी दोन शब्द. टॉरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास दाखवून दिले की, समुद्रसपाटीस वातावरणाचा भार सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. ह्या दाबास आपण स्थूलमानाने एक बार म्हणू. ह्याहून अधिक जो दाब टर्बो निर्माण करतो त्यास बूस्ट म्हणतात; आणि ह्याहून कमी जो दाब इंजिनाच्या ओढीने निर्माण होतो त्यास व्हॅक्यूम म्हणतात. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची एक झडप असते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ही झडप जवळजवळ मिटते. पिस्टन मात्र हवा मागतच राहतात. साहजिकच झडपेच्या पलीकडे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड नावाच्या वाटणीच्या नळकांड्यात, दाब पडतो. निरोगी इंजिन जागच्या जागी मंद चालत असता समुद्रसपाटीस तेथे पाऱ्याच्या ४५ ते ५५ सेंटीमीटरांइतका व्हॅक्यूम दिसतो. परंतु पाय दाबून गाडी चढावर घातली, झडप उघडली आणि टर्बो वेगात आला, की त्याच नळकांड्यात दाब वातावरणाच्या वर जातो. एकच जागा क्षणात पोकळी होते आणि क्षणात फुग्यासारखी फुगते, ही टर्बो इंजिनाची खरी खूण होय.

ह्यावरून माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा निघतो. साध्या इंजिनात ह्या नळकांड्यास भोक पडले तर ते बाहेरची हवा आत घेते. ते नेहमी आतच घेणार. टर्बो इंजिनातील भोक मात्र मंद गतीवर श्वास आत घेते आणि जोरावर तोच श्वास बाहेर टाकते. म्हणून एकच दोष दोन वेळी दोन परस्परविरुद्ध लक्षणे दाखवितो, आणि लक्षणाची वेळ नीट पाहिली तर भोक कोठे असावे ह्याचा बराचसा निकाल बॉनेट उघडण्यापूर्वीच लागतो.

उदाहरणादाखल एक विशिष्ट इंजिन डोळ्यांसमोर ठेवू. ऑडीने १९९० नंतरच्या दशकात एक १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन काढले. चार सिलिंडर, प्रत्येकास पाच व्हॉल्व्ह, आणि एकंदर मापाने १,७८१ घन सेंटीमीटर. फोक्सवॅगन, ऑडी, सेआत आणि स्कोडा ह्यांच्या अनेक गाड्यांत ते बसविले गेले. स्कोडाची ऑक्टेव्हिया ही गाडी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जोडली जाऊ लागली, तिचा आर. एस. हा प्रकार १५० अश्वशक्तीच्या ह्याच इंजिनासह पुढे आपल्याकडे विकला गेला. ह्या इंजिनाचे नळ्यांचे जाळे अभ्यासास फार सोयीचे आहे.

त्यातील हवेचा मार्ग असा. हवा प्रथम फिल्टरमधून गाळली जाते. लगेच पुढे एक मापक यंत्र असते. किती वजनाची हवा आत गेली ते हे यंत्र तापलेल्या पातळ पट्टीच्या साह्याने मोजते आणि तो आकडा इंजिनाच्या संगणकास कळविते. तेथून हवा टर्बोकडे जाते. टर्बोने दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड केली जाते. नंतर थ्रॉटल, आणि थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्ड. ह्या मार्गाचे तीन टप्पे आपण ध्यानात ठेवू: मापकापासून टर्बोपर्यंत पहिला, टर्बोपासून थ्रॉटलपर्यंत दुसरा, आणि थ्रॉटलच्या पलीकडचा तिसरा.

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे, हे श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीतील मालाची नोंद नाक्यावर होई, आणि पेठेत माल किती आला हे त्या वहीवरून ठरे. हवेचा मापक म्हणजे हा जकात नाका होय. संगणक त्या वहीवर विश्वास ठेवून पेट्रोल मोजून देतो. आता माल नाका चुकवून आडवाटेने आत आला तर वहीपेक्षा पेठेत माल अधिक होईल. आणि नोंद होऊन गेल्यावर वाटेत पोते फाटून माल सांडला तर वहीपेक्षा पेठेत माल कमी पडेल. हवेच्या गळतीचे प्रकार हे एवढेच.

पहिल्या टप्प्यात टर्बोची ओढ असते. दाब कधीच वाढत नाही. तेथे भोक पडले तर न मोजलेली हवा आत शिरते. हवा अधिक, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण पातळ होते. शिवाय ही हवा फिल्टर चुकवून आली असल्याने तिच्यातील धूळ टर्बोच्या वेगवान पात्यांवर आपटते. दुसऱ्या टप्प्यात मंद गतीवर दाब वातावरणाच्या जवळपास असतो. म्हणून तेथील भोक मंद गतीवर मुके असते. गाडी जागच्या जागी सुरळीत चालते, गावातही फारसे जाणवत नाही. परंतु चढावर, ओझे असताना, दाब वाढताच मोजलेली हवा बाहेर सांडते. हवा कमी, पेट्रोल अधिक. मिश्रण घट्ट होते, धुरास काळसर छटा येते, पेट्रोल अधिक खपते आणि शक्ती मात्र हरवते. तिसऱ्या टप्प्यातील भोक दोन्ही प्रकारे बोलते. मंद गतीवर ते न मोजलेली हवा आत घेते व इंजिन अडखळते. जोरावर तेच भोक मोजलेली हवा बाहेर सोडते. तात्पर्य, तक्रार केवळ जोरावर असेल तर दुसरा टप्पा पाहावा. मंद गतीवर ठळक असून जोरावरही काही उणीव असेल तर तिसरा. आणि मिश्रण थोडेफार सदैव पातळ असेल तर पहिला.

येथे एक शंका निघेल. मंद गतीवर जे भोक इतका त्रास देते, ते मध्यम वेगावर जवळपास गप्प का होते? उत्तर त्रैराशिकाचे आहे. ह्या मापाचे इंजिन मंद गतीवर सेकंदास सुमारे ३ ग्रॅम हवा घेते. पूर्ण जोरावर तोच आकडा १०० ग्रॅमच्या वर जातो. एखाद्या चिरेतून सेकंदास अर्धा ग्रॅम हवा आत येत असेल, तर मंद गतीवर ती एकंदरीच्या सहाव्या हिश्श्याइतकी भरते. वेग वाढला की तिची टक्केवारी नगण्य होते. संगणक ही तूट भरून काढण्यासाठी पेट्रोल किती टक्क्यांनी वाढवीत आहे, हे स्कॅनरवर दिसते; त्या आकड्यास फ्युएल ट्रिम म्हणतात. मंद गतीवर हा आकडा दहा-पंधरा टक्के वाढलेला आणि अडीच-तीन हजार फेऱ्यांवर शून्याच्या जवळ आलेला दिसला, तर थ्रॉटलपलीकडील गळतीचा संशय बळकट धरावा.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांची गोष्ट ह्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. त्यांची टर्बो असलेली जुनी मोटार पुण्यात निमूटपणे चाले. खंबाटकी घाट चढू लागली की मात्र तिचा जोर एकाएकी ओसरे, आणि मागून येणाऱ्या मालमोटारी भोंगे वाजवीत. एका गॅरेजात त्यांस टर्बो बदलावयास सांगण्यात आले. रक्कम पाच आकडी होती, आणि ती मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी बाजूस ठेवलेली होती. घरात दोन दिवस चर्चा चालली. अखेर दुसऱ्या एका वयस्क फिटरने प्रथम एवढेच विचारले, ‘उभी असताना कशी चालते?’ उत्तम चालते, हे ऐकताच त्याने इंटरकूलरकडील नळ्या तपासावयास घेतल्या. एका रबरी नळीच्या खालच्या अंगास बोटभर चीर होती. गाडी उभी असता चिरेचे दोन्ही ओठ मिटलेले असत. वरून पाहणाऱ्यास नळी अखंड वाटे. आत दाब भरताच ते ओठ उघडत. नळी बदलली, घाट सुटला, आणि प्रवेशाचे पैसे जागेवर राहिले. त्या एका प्रश्नाची किंमत किती, हे त्या कुटुंबास विचारावे.

मोठ्या नळ्यांखेरीज ह्या इंजिनात पेन्सिलीएवढ्या बारीक नळ्यांचे जाळे असते. त्यांतून हवा कमी वाहते, पण निरोप पोहोचविले जातात. टर्बोचा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून धुराचा काही भाग चाकास वळसा घालून सोडून देणारी एक खिडकी असते. तिला वेस्टगेट म्हणतात. ही खिडकी एका पत्र्याच्या डबीने उघडते. टर्बोने दाबलेली हवा बारीक नळीने त्या डबीत येते, आतील पडदा ढकलते, व खिडकी उघडते. संगणकाच्या हुकमतीतील एक विद्युत व्हॉल्व्ह ह्या निरोपातील थोडी हवा मध्येच काढून घेऊन खिडकी उशिरा उघडवितो. त्यामुळे दाब वाढविता येतो. आता पाहा, डबीकडे जाणारी ही बारीक नळी फाटली तर काय होईल? निरोप पोहोचणारच नाही, खिडकी मिटलेली राहील, आणि दाब मर्यादेच्या वर जाईल. म्हणजे फाटलेल्या नळीने येथे दाब घटत नाही, उलट वाढतो! संगणक इंजिन वाचविण्यासाठी थ्रॉटल आवळतो. चालकास मात्र जोराच्या ऐन भरात जबर हिसका बसतो. ह्याउलट विद्युत व्हॉल्व्ह बंद पडला किंवा त्याची तार निघाली, तर डबीस सगळा निरोप पोहोचतो, खिडकी लवकर उघडते, आणि ह्या इंजिनाचा बूस्ट सुमारे एक-तृतीयांश बारवर अडकून बसतो. स्कॅनरवर पहिल्या दोषास पी ०२३४ आणि दुसऱ्यास पी ०२९९ असे संकेत दिसतात. परंतु हे संकेत दाब अधिक की उणा एवढेच सांगतात. ‘टर्बो बदला’ असे कोणताही संकेत सांगत नाही, हे विसरू नये.

तिसरा एक भाग म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह. जोरात असता एकाएकी पाय काढला की थ्रॉटल मिटतो, आणि दाबलेली हवा त्यावर आपटून उलट टर्बोकडे येऊ पाहते. तिला वाट करून देण्यासाठी हा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने उघडतो. ह्यातील रबरी पडदा जुना झाला की चिरतो, आणि जोरावरही हवा टर्बोच्या पुढून मागे, मागून पुढे अशी घोळत राहते. टर्बो अधिक फिरतो, काम मात्र कमी होते. परीक्षा सोपी आहे. व्हॉल्व्ह काढून त्याची आतील दट्टी बोटाने दाबावी, बारीक नळीचे तोंड दुसऱ्या बोटाने बंद करावे, आणि दट्टी सोडावी. ती दाबलेलीच राहिली तर पडदा शाबूत. हळूहळू बाहेर आली तर फाटलेला.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. कारण येथे प्रश्न पैशांचा नसून प्राणांचा आहे. मोटारीच्या ब्रेकला पायाच्या जोरास साह्य करणारी एक मोठी डबी असते, आणि ती मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालते. टर्बो इंजिनात मॅनिफोल्डमध्ये दाबही येत असल्याने ह्या नळीत एकमार्गी झडप असते: हवा डबीतून बाहेर ओढली जावी, परंतु बूस्ट डबीत शिरू नये. ही झडप किंवा नळी बिघडली तर साठविलेला व्हॅक्यूम निघून जातो व ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. ह्याची परीक्षा कोणाही गृहिणीस दारात करता येईल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबलेलाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर साह्य मिळत आहे. नंतर इंजिन बंद करून काही मिनिटांनी पेडल दाबून पाहावे. पहिल्या एक-दोन दाबांस ते मऊ लागले तर झडप साठा राखीत आहे. पहिल्याच दाबास ते घट्ट लागले तर गाडी घाटात नेऊ नये. आणि पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे हे तर सर्वथैव वर्ज्य समजावे. कारण साठा दोन-तीन दाबांपुरताच असतो.

अशीच एकमार्गी झडप क्रँककेसच्या, म्हणजे तेलाच्या कोठीच्या, श्वासनळीतही असते. ती उलटी गळू लागली की बूस्ट तेलाच्या कोठीत शिरतो. मग तेल मोजण्याची पट्टी जागेवरून वर सरकते, सांध्यांतून तेल पाझरते, आणि लोक ते सील एकामागून एक बदलीत बसतात. रोग थोड्या पैशांच्या झडपेत, आणि मलमपट्टी सगळ्या अंगास!

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. पहिले साधन डोळे आणि कान. इंजिन थंड असता विजेरीच्या उजेडात प्रत्येक नळी हाताने वाकवून, खालच्या अंगाने पाहावी. सांध्याशी तेलाचा ओलसर, धूळ बसलेला डाग दिसला तर हवा तेथून जात असण्याचा संभव मोठा. दुसरे साधन मापन. स्कॅनरवर संगणकाने मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी पाहावे. साधे व्हॅक्यूमचे घड्याळही पुष्कळ सांगते. काटा स्थिर पण खाली असेल तर बहुधा गळती. ठराविक तालाने खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरले असता काटा हळूहळू उतरत गेला तर धुराची वाट तुंबली आहे.

घड्याळ वाचताना गावाची उंची मात्र हिशेबात धरावी. मुंबईस जे इंजिन ५० सेंटीमीटर दाखविते, तेच पुण्यास, म्हणजे सुमारे ५६० मीटर उंचीवर, ४५ च्या आसपास दाखवील, आणि महाबळेश्वरास, म्हणजे साडेतेराशे मीटरवर, ४० च्याही खाली उतरेल. इंजिन आजारी पडलेले नसते. बाहेरची हवाच हलकी झालेली असते.

तिसरे साधन दाबाची परीक्षा. इंजिन बंद व थंड असता टर्बोकडे जाणाऱ्या नळीचे तोंड एका झाकणाने घट्ट बंद करावे, त्या झाकणास बसविलेल्या ट्यूबच्या व्हॉल्व्हमधून पंपाने हवा भरावी, आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. पंक्चर काढणारा सायकलवाला जे करतो तेच हे. ह्यात तीन पथ्ये आहेत: तेलाच्या कोठीकडे जाणारी श्वासनळी आधी बंद करावी, म्हणजे सीलवर ताण येणार नाही, दाब अर्ध्या बारच्या वर नेऊ नये, आणि झाकणासमोर तोंड धरू नये, कारण ते सुटल्यास गोळीसारखे येते. ज्या गॅरेजात धुराचे यंत्र असेल तेथे हेच काम धूर सोडून अधिक सोपेपणाने होते. चालत्या तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधण्याची एक जुनी रीत आहे. ती आग लावणारी असल्याने तिचा अवलंब करू नये. बारीक नळ्यांसाठी हाताचा व्हॅक्यूम पंप वापरावा. ५० सेंटीमीटरवर काटा नेऊन तो मिनिटभर तेथेच राहिला तर नळी व पडदा निर्दोष.

सर्वच मोटारींत हवेचा मापक नसतो, हेही सांगितले पाहिजे. आजच्या कित्येक लहान टर्बो पेट्रोल गाड्यांत संगणक मॅनिफोल्डमधील दाबावरूनच हवेचे वजन अनुमानाने काढतो. तेथे जकात नाका वेशीवर नसून पेठेतच आहे असे समजा. म्हणून मिश्रण तितकेसे बिघडत नाही, पण मंद गती वाढते किंवा जोर घटतो. डिझेलच्या इंजिनात तर थ्रॉटलमुळे येणारा असा व्हॅक्यूम भरवशाचा नसल्याने त्यासाठी निराळा पंप असतो, आणि ब्रेकच्या डबीखेरीज पुष्कळ गाड्यांतील टर्बोची हलती पातीही त्याच व्हॅक्यूमने फिरतात. तेथे एक बारीक नळी निघाली की टर्बो सुस्त होतो. डिझेल गाडी काळा धूर सोडीत चढावर मागे पडू लागली, तर प्रथम इंटरकूलरच्या नळ्या आणि नंतर ह्या बारीक नळ्या पाहाव्यात.

एवढे सगळे निर्दोष ठरल्यावरच टर्बोकडे वळावे. त्याच्या दांड्यात प्रमाणाबाहेर खेळ आहे काय, पाती डबीस घासली आहेत काय, वेस्टगेटची खिडकी पुरती मिटते काय, हे पाहावे. टर्बो खराब होतच नाही असे माझे म्हणणे नाही. वेळेवर तेल न बदललेल्या गाडीत तो खराब होतो, आणि तेव्हा तो बदलावाच लागतो. म्हणणे इतकेच की, तो दोषी ठरण्यापूर्वी त्याची चौकशी व्हावी.

म्हणून गॅरेजात गेल्यावर गृहस्थाने तीन प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावेत: मागितलेला दाब किती आणि मिळालेला किती? दाबाची परीक्षा केली काय? ब्रेकची झडप पाहिली काय? जो कारागीर ह्यांची उत्तरे आकड्यांनी देईल, त्याच्या हाती गाडी निर्धास्तपणे सोपवावी आणि त्याच्या श्रमाचे मोल घासाघीस न करता द्यावे. कारण दोन तास खपून त्याने बदललेली वस्तू जरी एक रबरी नळी असली, तरी आपण मोल देतो ते त्याच्या विचाराचे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.